आडवी उंची

"आजी, पाठ भिंतीला लावा. आता दोन्ही हात असे बाजूला. अजून. अजून थोडे," म्हणत त्या मुलीने खिशातून टेप काढली. छातीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात मागच्या बाजूला एक अरुंद खोली होती. फुंकायचं यंत्र, एक स्टूल आणि भिंतीवर उंचीची पट्टी, बाकी काही मावत नव्हतं. पट्टीशी आईला उभं करून झालं होतं. आकडा आला १४८. पण गेल्या सात-आठ वर्षांत आईची पाठ इतकी वाकली आहे की पट्टीवरचा ठोकळा डोक्याला टेकला तेव्हा तिची नजर समोरच्या फरशीवर होती. मुलीने मान हलवली. "ही उंची घालून चालणार नाही. हात मोजू." मग आईने पदर खोचला, चष्मा माझ्याकडे दिला आणि हात पसरले. या मधल्या बोटाच्या टोकापासून त्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत टेप धरायला त्या मुलीचे स्वतःचे हात पुरेनात, म्हणून एक टोक मी धरलं. चष्म्याशिवाय डोळे बारीक करून आई म्हणाली, "जन्मात कुणापुढे हात पसरले नाहीत. तेवढं राहिलं होतं."

मुलगी हसली, मीही हसले. कागदावर आकडा पडला, १६३.

पुढची चाचणी झालीच. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी आणि ती एवढीशी मुलगी फलंदाजाला ओरडून धाव घ्यायला लावावं तशी ओरडतेय, "फुंका फुंका फुंका, सोडू नका!" चौथ्या खेपेला आई दमून स्टुलाच्या कडेला धरून बसली. पण रिक्षात बसल्यावर माझ्या डोळ्यांपुढे येत होतं ते यातलं काहीच नाही. येत होती ती भिंतीला टेकून हात पसरलेली आई. तिला असं मी कधी पाहिलंच नव्हतं. आईचे हात कायम कशात ना कशात गुंतलेले. पोळपाटावर, शिवणाच्या मशीनवर, शाळेच्या वह्यांच्या गठ्ठ्यावर. काहीच काम नसलं तर पदराखाली एकमेकांत अडकवलेले. लग्नाच्या फोटोत तसेच, निरोपसमारंभाच्या फोटोत तसेच, माझ्या मुंजवयीन भावाला मांडीवर घेतलेल्या फोटोतही कोपराच्या खाली पदरच. त्या खोलीत ते हात बाहेर आले आणि संपेचनात. खिडकीच्या चौकटीवरून पुढे गेले, पंख्याच्या बटणांवर एक बोट टेकलं. एवढे हात होते हिला?

मोजण्यामागचा हिशेब साधा आहे. वय झालं की मणके दबतात, मधल्या चकत्या झिजतात, पाठ पुढे येते आणि माणूस खाली खाली येतो. दंडाची आणि पुढच्या हाताची हाडं मात्र आखूड होत नाहीत. वाकलेल्या माणसाची पूर्वीची उंची म्हणून त्याच्या हातांत शोधायची, कारण साधारणपणे जेवढी उंची तेवढा हातांचा फैलाव. यंत्राला वय, बाई की पुरुष आणि उंची सांगितली की ते म्हणतं, या माणसाच्या छातीतून एवढी हवा यायला हवी. मग आलेली हवा त्या अपेक्षेच्या किती टक्के ते छापून देतं. आईचे आले ६७. आई म्हणाली, "काठावर पास." शिक्षिका होती, तिला टक्क्यांची भीती नाही. मला मात्र वेगळंच खुपत होतं. जेवढी उंची तेवढे हात हे जगाच्या बाबतीत खरं असेल, आमच्या घरात ते खरं नाही. मी १६५ सेंटिमीटर उंच आहे, आणि हात पसरले की १७५.

आमच्या घरात, म्हणजे वडिलांच्या घरात. निदान तोवर मी तसं समजत होते.

हे हात वडिलांकडचे हे मला कळायला लागलं तेव्हापासून ठरलेलंच होतं. आत्या आली की मला पुढ्यात उभी करायची, दोन्ही मनगटं धरून हात खाली ताणायची आणि म्हणायची, "आमच्या घराण्याचे हात हो! आमचे आजोबा असेच." वडील उंच होते, आत्या उंच होती, त्यामुळे शंका घ्यायला जागाच नव्हती. आई तेव्हा स्वयंपाकघरात असायची. भावाला यातलं काही आलं नाही. त्याचे हात जेवढ्यास तेवढे. सातवीत असताना माझ्याच हातांनी एका उन्हाळ्यात असा वेग घेतला की जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा गणवेशाच्या बाह्यांतून मनगटाच्या वर चांगला दोन इंच हात बाहेर होता. वयात येताना हातपाय पुढे धावतात आणि धड मागून येतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. बहुतेकांचं धड हातांना गाठतं. माझं आलं, पण उशिरा आणि कमी.

वर्गात अर्थातच नाव पडलं, वांदर. त्यात विशेष काही नाही, त्या वयात कुणाचं तरी काहीतरी पडतंच. पण संस्कृतच्या बाईंनी एकदा फळा पुसायला मला बोलावलं आणि टाचा न उचलता मी वरचा कोपरा पुसला तेव्हा त्या कौतुकाने म्हणाल्या, "आजानुबाहू आहेस की गं!" त्या दिवसापासून वांदर मागे पडलं आणि मुलं आजानुबाहू म्हणून हाका मारायला लागली. ते जास्त लागायचं. कारण तो शब्द मला रोज संध्याकाळी भेटायचा. दिवेलागणीला रामरक्षा म्हणताना ध्यानाच्या श्लोकात तो सुरुवातीलाच येतो. तोवर तो नुसता आवाज होता. त्या दिवशी आईला अर्थ विचारला. ती म्हणाली, ज्याचे हात गुडघ्यांपर्यंत पोचतात तो. मी आत जाऊन कपाटाच्या आरशापुढे ताठ उभी राहिले, खांदे न पाडता हात सोडले. मधलं बोट गुडघ्याच्या वर सहा बोटांवर थांबलं. म्हणजे देव म्हणावं एवढे लांब नाहीत आणि लोकांनी सोडून द्यावं एवढे आखूडही नाहीत. वाल्मीकींच्या रामाचे हात गुडघ्यांपर्यंत, बुद्धाच्या बत्तीस लक्षणांत न वाकता गुडघ्याला हात लागणं हे एक लक्षण, वराहमिहिराने जैन मूर्ती कशी घडवावी सांगताना तीच गोष्ट लिहिलेली. सगळी लक्षणं महापुरुषांची. बाईचे हात कमळाच्या देठासारखे असावेत म्हणतात. देठ किती लांब, ते कुणी सांगत नाही.

कासाराकडे डझनभर भरल्या तरी माझा हात मोकळाच दिसायचा आणि हात वर केला की सगळ्या बांगड्या खळाखळा कोपरापाशी जमायच्या. शिंप्याचा तर वेगळाच त्रास. तो माप नीट घ्यायचा. "बाही साडेसव्वीस" असं मोठ्याने म्हणून वहीत लिहायचाही. आणि कपडा आणावा तर बाही पंचवीस. भांडायला गेलं की म्हणायचा, "ताई, मुलीची बाही एवढी नसते हो." स्वतःच्या टेपवर त्याचा विश्वास नव्हता, कात्री सवयीने पंचविसावर चालायची. आईने शिवलेलं मात्र कधी आखूड झालं नाही. रात्री जेवणं आटोपली की ती पायमशीन ओढायची, जमिनीवर कापड पसरून निळ्या खडूने रेघा मारायची, मुंढा गोल कापायची. बाहीच्या टोकाला आत चांगली दोन बोटं माया ठेवायची, म्हणजे पुढच्या वर्षी उसवून सोडता येईल. लहानपणी टेप लावायची, पण नववीनंतर तिने माझ्या हाताला टेप लावलेली मला आठवत नाही. तरी बाही बरोबर मनगटाच्या हाडावर येऊन थांबायची. त्यात आश्चर्य वाटण्यासारखं काही आहे हे तेव्हा डोक्यातही आलं नाही. आईला सगळंच माहीत असतं, त्यातलंच हे एक.

हातांचा उपयोग पहिल्यांदा पाहिला तो कबड्डीच्या सरांनी. "ही पोरगी इकडे द्या," म्हणाले. दोन वर्षं मी चढाईला जात होते. समोरच्या अंगणात शिरलं की वाकून, एक पाय पुढे, डावा हात मागे आणि उजवा हात सापाच्या फण्यासारखा हलवत ठेवायचा. दम धरलेला, कबड्डी कबड्डी कबड्डी, आणि नजर कोपऱ्यातल्या मुलीच्या खांद्यावर नाही, गुडघ्यावर. तिचा गुडघा वळला की ती निघणार. माझा हात तिच्या अपेक्षेपेक्षा चार बोटं पुढे जायचा, बोटाच्या टोकाला तिच्या बनियनचा घामट कपडा लागायचा आणि मी मागे उडी घेतलेली असायची. तो एका क्षणाचा स्पर्श! त्या वयात मिळालेलं तेवढं एकच कौतुक, त्यामुळे तो बोटाला अजून आठवतो. पण जिल्ह्याच्या सामन्यात एका बुटक्या, मजबूत मुलीने हे ओळखलं. ती हात येण्याची वाट बघत उभी राहिली आणि आला तसा मनगटालाच धरला. लांब हाताला मनगटाशी धरलं की पुढचं सगळं सोपं असतं. मी दम टिकवत मध्यरेषेकडे पडले, उरलेला हात मातीत पुढे ताणला, आणि तो रेषेपासून अगदी थोडा अलीकडे थांबला. एवढा लांब हात, आणि तरी पुरला नाही. मैदानावरून परत येताना सर म्हणाले, "हात दाखवत जाऊ नकोस." त्यांचं म्हणणं खेळापुरतं होतं. मी जरा जास्तच मनावर घेतलं.

कारण हात ठेवायचे कुठे, हा प्रश्न मला पुढे वीस वर्षं पुरला. फोटोत ते बाजूला सोडले तर माळेवरच्या टॉवेलसारखे लोंबतात, मागे बांधले तर शिक्षा झाल्यासारखं वाटतं, घडी घातली तर कोपरं दोन्ही शेजाऱ्यांना लागतात. मला पाहायला यायचे तेव्हा आत्या आतून ओरडून सांगायची, "मांडीवर घडी करून बस गं, पोहे द्यायला हात लांब करू नकोस, उठून दे." पंढरपूरला गेले तेव्हा देवाचं ध्यान बघून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! याचंही बहुधा हेच झालं असणार. सरळ कमरेवर ठेवून मोकळा झाला, अठ्ठावीस युगं विषय नाही. मी काही दिवस तसं करून पाहिलं. ऑफिसात लोकांना वाटलं मी भांडायला उभी आहे.

कॉलेजची सहल श्रवणबेळगोळला गेली होती. सहाशेहून जास्त पायऱ्या अनवाणी चढून गेलं की तो एकदम समोर येतो, एकसंध दगडातला ५७ फुटी बाहुबली. आमच्या मराठीच्या सरांना मूर्तीपेक्षा तिच्या पायाशी कोरलेली ओळ दाखवायची घाई. 'श्रीचामुण्डराजें करवियलें'. मराठीच्या सगळ्यात जुन्या कोरीव ओळींपैकी ती एक. आम्ही वाकून वाकून अक्षरं वाचली. मैत्रीण कानात म्हणाली, "तुझा भाऊ बघ की वरती." मान मागे टाकून मी वर पाहिलं. पायांवरून चढलेले वेल दंडांपर्यंत गेलेले आणि हात सरळ खाली, मांड्यांपासून जरासे सुटे. भावाशी झालेल्या मल्लयुद्धात भरताला याच हातांनी उचलून धरलं आणि मग हळूच खाली ठेवलं, अशी कथा आहे. इतके मोठे हात आणि दोन्ही रिकामे, नुसते सोडलेले. लाज नाही, तोरा नाही. मी बराच वेळ बघत होते. मग उन्हाने तळवे भाजायला लागले आणि सगळे खाली पळालो.

नोकरीला लागताना वैद्यकीय तपासणी झाली. म्हातारे डॉक्टर होते. त्यांनी मला अंगठा आणि करंगळी दुसऱ्या मनगटाभोवती घालायला लावली. बोटं एकमेकांवर चढली. मग अंगठा मुठीत दाबून पलीकडे किती बाहेर येतो ते पाहिलं. नीट आला नाही. हात पसरायला लावले, भागाकार केला आणि छातीचा इको लिहून दिला. कशाला, विचारलं तर म्हणाले, "असू दे, खात्री." मी घरी येऊन वाचलं, ते वाचायला नको होतं. पॅरिसच्या आंत्वान मार्फां या बालरोगतज्ज्ञाने १८९६ साली पाच वर्षांच्या एका मुलीबद्दल लिहिलं होतं, लांब बारीक बोटं, लांब हातपाय. त्याच्या नावाने ओळखला जाणारा तो आजार साधारण पाच हजारांत एकाला असतो. शरीराला आतून बांधून ठेवणाऱ्या फायब्रिलिन नावाच्या प्रथिनाचा घोटाळा. त्याचं जनुक १९९१ मध्ये सापडलं. हात लांब असणं हे त्यातलं सगळ्यात निरुपद्रवी. खरा धोका हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रोहिणीला, ती रुंद होत जाते आणि एखाद्या दिवशी फाटते. अमेरिकेची फ्लो हायमन ही व्हॉलीबॉलपटू १९८६ मध्ये जपानमध्ये सामना चालू असताना बाकावर बसली आणि तिथेच कोसळली. ३१ वर्षांची. आजार आहे हे मेल्यावर कळलं. एवढं वाचल्यावर आठवडाभर मी डाव्या कुशीवर झोपले नाही, हृदयावर दाब पडेल म्हणून! इको झाला, डोळे तपासले, सगळं नीट निघालं. गंमत म्हणजे मार्फांची ती पहिली मुलगी, तिला बहुधा तो आजार नव्हताच, दुसराच कुठला तरी मिळताजुळता असावा, असं पुढच्या डॉक्टरांना वाटलं. रोगाला नाव मिळालं, मुलगी बाजूला राहिली.

आता जमाना बदलला. भावाची मुलगी भिंती चढते, म्हणजे पुण्यात हॉल आहेत तिथे रंगीत खुंट्यांवरून. मागच्या दिवाळीत तिने मला दारात उभी करून मोजलं आणि किंचाळली, "आत्या, प्लस टेन! काय भारी एप इंडेक्स आहे तुझा!" हातांच्या फैलावातून उंची वजा केली की जो आकडा येतो त्याला ही मंडळी एप इंडेक्स म्हणतात. मायकेल फेल्प्सची उंची १९३ आणि फैलाव २०१, असं तिने मला लगेच सांगितलं. म्हणजे फैलावातून उंची वजा केली तर मी फेल्प्सच्याही पुढे. एप म्हणजे वानर, हे मी तिला सांगितलं नाही. सातवीतल्या त्याच नावासाठी आता पोरं हेवा करतात. तिचा स्वतःचा आकडा शून्य आहे म्हणून ती हिरमुसली होती.

शून्य, म्हणजे चौकोन. लिओनार्दोने १४९०च्या सुमारास काढलेला तो हात पसरलेला नागडा माणूस सगळ्यांनी पाहिलेला असतो, चौकोनात आणि वर्तुळात बसवलेला. व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन स्थपतीने लिहून ठेवलं होतं की नीट घडलेल्या माणसाची उंची आणि पसरलेले हात सारखे भरतात. मी त्यात बसवली तर बोटं दोन्हीकडून बाहेर येतील. आडवी १७५, उभी १६५. आपल्याकडे चौकोन नाही, आपल्याकडे साडेतीन हात. ज्याच्या त्याच्या हाताने ज्याचा त्याचा देह साडेतीन हात, असं कीर्तनात ऐकत आलोय. एकदा मी कोपरापासून बोटापर्यंत मोजून पाहिलं, ४९ सेंटिमीटर. मी भरले सव्वातीन हात आणि वर जेमतेम चार बोटं. साडेतीन हातांतही कमीच. चोवीस अंगुळांचा हात धरला तर साडेतीन हातांची अंगुळं होतात ८४, आणि वराहमिहिराने उत्तम पुरुष १०८ अंगुळांचा, मध्यम ९६ आणि हीन ८४ असं सांगून ठेवलंय. म्हणजे साडेतीन हातवाले तुम्ही सगळेच तळाच्या ओळीत. मला फार बरं वाटलं ते वाचून.

हाताने मोजायचं म्हटलं की मला आजोळच आठवतं. हर्णैच्या बंदराजवळ आईच्या वडिलांचं, नानांचं, छोटं दुकान होतं. सुतळी, दोर, दिव्याच्या काचा, गूळ, काय वाट्टेल ते. दोर वावावर विकला जायचा. दोन्ही हात पसरायचे, या मुठीपासून त्या मुठीपर्यंत एक वाव. हात छातीशी आणायचे, पुन्हा पसरायचे, दुसरा. दोर बोटांतून सुर्रकन सरकायचा, त्याचा डांबर आणि खाऱ्या पाण्याचा वास नानांच्या सदऱ्याला कायमचा लागलेला. दुकानात एक गडीही होता. पण कोळी मंडळी आली की म्हणायची, "तू नको, नानांना मोजू दे." नाना आतून जेवण अर्धं टाकून यायचे आणि हसत मोजून द्यायचे. त्यांचा वाव मोठा असायचा. घरात हे कायम त्यांच्या मोकळ्या हाताची गोष्ट म्हणून सांगितलं जायचं, नाना धंद्यात कसे दिलदार होते आणि म्हणून मागे काही कसं राहिलं नाही. आजी शेवटपर्यंत त्यावरून कुरकुरायची.

त्या ६७ टक्क्यांनी मला स्वस्थ बसू दिलं नाही. आई तरुणपणी नेमकी किती उंच होती? कुणालाच सांगता येईना. भाऊ म्हणाला, तुझ्याएवढी असेल. वडील गेले. आईला विचारलं तर म्हणाली, "मध्यम." मला आठवत होतं की ती वरच्या फळीवरचा डबा पाट न घेता काढायची. पण फळीला हात पोचणं यात उंची किती आणि हात किती, ते कसं वेगळं काढणार? शेवटी दिवाणातल्या लाल फितीच्या फाईलमध्ये तिच्या सेवापुस्तकाची दुय्यम प्रत सापडली. जिल्हा परिषदेच्या शाळेत १९७४ साली ती लागली तेव्हाची. पहिल्याच पानावर ओळखीची खूण, हनुवटीखाली तीळ. त्याखाली दहा बोटांचे ठसे, जांभळे, पसरलेले. आणि उंचीच्या रकान्यात कुणीतरी झरझर लिहिलेलं, ५ फूट १ इंच.

म्हणजे १५५. आणि हात १६३.

मी फाईल मांडीवर घेऊन तशीच बसले. आठ सेंटिमीटर. आत्याचे हात कुणी मोजले नव्हते, वडिलांचेही नाही. ते उंच होते म्हणून त्यांचे हात मोठे दिसायचे, एवढंच असेल कदाचित. ज्या घराण्याचे हात म्हणून मी चाळीस वर्षं मिरवले आणि लपवले ते घराणं दुसरंच होतं, आणि नानांचा वाव माझ्या डोळ्यांपुढे कितीदा पसरला होता तरी मला दिसला नव्हता. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन त्या मुलीला सांगितलं. तिने यंत्रात १६३ खोडून १५५ घातले आणि ६७ चे ७५ झाले. छातीतली हवा तेवढीच. डॉक्टर म्हणाले, पंप तोच चालू ठेवा, पुढच्या वेळी हीच उंची घालू, म्हणजे तुलना नीट होईल. आईला येऊन सांगितलं, तुला आठ मार्क वाढवून मिळाले. ती म्हणाली, "पुनर्मूल्यांकनात वाढतातच."

संध्याकाळी चहा घेऊन गॅलरीत बसलो होतो. मी विचारलं, "आत्या एवढी घराण्याचे हात घराण्याचे हात करायची, तेव्हा तू काही बोलली का नाहीस?"

"बोलून काय, आखूड होणार होते?" मग बशीत चहा ओतत म्हणाली, "मला शाळेत सगळे 'नानांचा वाव' म्हणायचे. चौथीपासून. लग्न करून इकडे आले तेव्हा वाटलं, चला, सुटलं. इथे कुणाला माहीत नाही." पदराखालून हात काढून तिने बशी दोन्ही हातांनी धरली. बोटांचे सांधे आता सुजलेत, पण बोटं लांबच आहेत, बशीला पलीकडून वळसा घालून येतात. "तुझे वाढायला लागले तेव्हा मला कळलं होतं. म्हटलं, त्यांना आवडतायत त्यांचे म्हणून, तर असू देत त्यांचे."

मला एकदम ते निळ्या खडूचं कापड आठवलं. "आणि माझ्या बाह्या? टेप न लावता कशा बेतायचीस?"

आईने माझ्याकडे असं पाहिलं जसं ती चौथीतल्या मुलाकडे पाहायची, पाढा येत असूनही अडणाऱ्या. "माझ्या हाताला लावून. दंडात तेवढं आत घ्यायचे, तू अगदीच काटकी होतीस."